पेटी हलत नाही, तर घर्षण किती?

मुकादमांनी पहिल्या परीक्षेत सातव्या प्रश्नाचं जे उत्तर लिहिलं, ते पुढे सबंध यार्डात गाजलं. प्रश्न असा होता: 'एक पेटी सपाट जमिनीवर ठेवली आहे. दोन माणसं ती ढकलत आहेत, पण पेटी हलत नाही. घर्षण बल किती?' खाली वजन, गुणांक वगैरे आकडे दिलेले होते. मुकादमांनी प्रश्न दोनदा वाचला, आकड्यांकडे काणाडोळा केला आणि ठळक अक्षरांत लिहिलं, 'आणखी दोन माणसं लावावीत.'

यात चूक काय, हे त्यांना खरोखरच कळलं नव्हतं. एकतीस वर्षं ते अवजड यंत्रं हलवत आले होते. छापखान्याची यंत्रं, लेथ, तिजोऱ्या, एकदा तर दवाखान्यातलं क्ष-किरणांचं धूड. पहार, पाचर, जॅक, लोखंडी नळ्या आणि पाच-सहा माणसं, एवढ्या भांडवलावर त्यांनी तिसऱ्या मजल्यावरची यंत्रं रस्त्यावर उतरवली होती आणि त्यांच्या टोळीत आजवर एकाचंही बोट चेंगरलं नव्हतं. त्यांच्या धंद्यात 'पेटी हलत नाही' ही उत्तर देण्याची गोष्टच नव्हती. ती हलवण्याची गोष्ट होती.

पण वर्षाच्या सुरुवातीला कंपनीत नवे सुरक्षा अधिकारी आले आणि त्यांनी बरोब्बर पाचर मारली. वय तिशीचं, इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर एकही ओरखडा नसलेलं पांढरं हेल्मेट. त्यांनी नियम काढला की टोळी चालवणाऱ्याने आणि त्याच्या जोडीदाराने बल आणि घर्षण यांची लेखी परीक्षा द्यायची. दहा प्रश्न, सहा बरोबर आले तर पास. संधी दोन. दोन्ही वाया गेल्या तर त्या माणसाने अवजड मालाजवळ उभंही राहायचं नाही, फाटकावर स्टुलावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायचे.

पहिल्या परीक्षेत मुकादमांना चार गुण मिळाले. दुसरी दीड महिन्यावर होती. फाटकावरचं ते स्टूल त्यांना रोज येता-जाता दिसायचं आणि चोपन्नाव्या वर्षी आपण तिथे बसलोय, आपली टोळी समोरून यंत्र घेऊन चालली आहे आणि आपण गाडीचा नंबर लिहितोय, या विचाराने ते मान फिरवून भरभर पुढे निघून जायचे. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. बायकोला न सांगताच कळलं.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," ती म्हणाली. "घरात विज्ञानाची बाई आहे आणि तुम्ही जुन्या वह्या कसल्या धुंडाळताय?"

विज्ञानाची बाई म्हणजे त्यांची सून. शाळेत शिकवायची. मुलगा फिरतीच्या नोकरीत, महिन्यातले वीस दिवस बाहेर. घरात उरली तीन माणसं, आणि त्यातली दोन एकमेकांशी थेट बोलत नसत. भांडण म्हणाल तर नव्हतं. झालं होतं इतकंच, की चार वर्षांपूर्वी, लग्नाला आठवडाही झाला नसेल, मुकादम जेवताना म्हणाले होते, जड वस्तू हलक्यापेक्षा आधी खाली पडते हे शेंबड्या पोरालाही कळतं. सूनबाई उठली, एका हातात खलाचा बत्ता घेतला, दुसऱ्या हातात लिंबू, आणि दोन्ही एकदम सोडली. दोन्ही एकदमच पडली. फरशीचा टवका उडाला, तो अजून तसाच आहे. तेव्हापासून मुकादम तिला जरा वचकूनच होते. 'तिला म्हणावं, दिवा राहिलाय' आणि 'आई, बाबांना सांगा, फोन आला होता' अशा पद्धतीने घर चाललं होतं, आणि मधल्या मधे सासूबाईंना टपालखात्याची नोकरी लागली होती.

तर बायकोने ते 'आणखी दोन माणसं'वालं उत्तर सूनबाईला सांगितलं. स्वयंपाकघरातून हसण्याचा आवाज आला. बाहेर बसलेल्या मुकादमांना तो लागला. आता उठून घराबाहेर निघून जावं, या विचारात ते असतानाच सूनबाई दारात आली.

"आई, बाबांना सांगा, उत्तर चांगलं आहे," ती म्हणाली. "फक्त ते दुसऱ्या प्रश्नाचं आहे."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता, ती शाळेतून आणि ते यार्डातून आल्यावर, जेवणाच्या टेबलावर शिकवणी सुरू झाली. पहिल्याच घासाला खडा लागला तो न्यूटनचा. बल न्यूटनमध्ये मोजतात म्हणजे कशात मोजतात, हे मुकादमांच्या डोक्यावरून गेलं. सूनबाईने फळांच्या टोपलीतून एक लहानसं सफरचंद उचललं आणि त्यांच्या तळहातावर ठेवलं.

"हे हाताला जेवढं खाली दाबतंय ना, तेवढा साधारण एक न्यूटन."

मुकादमांनी हात वर-खाली करून पाहिला. "एवढंच? आणि त्याला एवढं मोठं नाव?"

पण त्यांना ते फार आवडलं. दुसऱ्या दिवशी यार्डात ते प्रत्येक यंत्र सफरचंदात मोजू लागले. बाराशे किलोचा लेथ म्हणजे बारा हजार सफरचंदं. पैलवान म्हणाला, मुकादम कामातून गेले. हा पैलवान नावाचाच पैलवान, अंगाने काडी. पण वीस वर्षं पहारेच्या दुसऱ्या टोकाला तोच असायचा. मुकादमांनी मान हलवली की कुठे पाचर सरकवायची हे त्याला वेगळं सांगावं लागत नसे. पहिल्या परीक्षेच्या वेळी तो खांदा निखळून घरी पडून होता, म्हणून तो आता दुसऱ्या खेपेलाच पहिल्यांदा बसणार होता.

मग गुणांक आला. सूनबाई म्हणाली, जमीन आणि पेटी एकमेकांना किती धरून ठेवतात, त्याचा हा आकडा. इथे मात्र मुकादम खुलले. धूळ बसलेलं सिमेंट, तेलकट पत्रा, ओली फळी, जुनी फरशी, यांची त्यांना नस न् नस माहीत होती.

"आपल्या या टेबलावर इस्त्री ठेवली तर?" तिने विचारलं.

मुकादमांनी टेबलावरून बोटं फिरवली. "दहाला तीन."

"म्हणजे?"

"म्हणजे आडवं दहा फूट गेल्यावर तीन फूट चढेल असा ढाळ केला, की सुटेल. त्याच्या आत नाही सुटायची."

सूनबाईने टेबलाची एक बाजू पुस्तकं लावून उचलायला सुरुवात केली. सासूबाई पाण्याचा तांब्या उचलून बाजूला झाल्या. आठवं पुस्तक सरकवताना इस्त्री घसरली. तिने पट्टीने उंची मोजली, खालचं आडवं अंतर मोजलं, भागाकार केला. शून्य पूर्णांक एकतीस शतांश.

"तुम्ही टॅन्जंट वापरता," ती म्हणाली. तिच्या आवाजात काहीतरी नवीन होतं.

"कोण तो?"

ती हसली. पण या वेळचं हसणं मुकादमांना लागलं नाही. उलट आपण काहीतरी चांगलं केलं आहे आणि काय केलं ते आता विचारून घ्यावं, असं त्यांना वाटलं. तासभर त्यांनी विचारून घेतलं.

गुणांक गुणिले जमिनीवरचा भार, हे सूत्र हाती आल्यावर तर मुकादमांना पंखच फुटले. गणित दिसलं की गुणाकार. अशी आठ-दहा गणितं त्यांनी पटापट उडवली. मग सूनबाईने वहीत लिहून दिलं: पेटी पन्नास किलोची, गुणांक शून्य पूर्णांक चार, शंभर न्यूटन बलाने ढकलली, पेटी हलत नाही, घर्षण किती?

पन्नासाचे पाचशे, गुणिले शून्य पूर्णांक चार, दोनशे. मुकादमांनी लिहिलं आणि पेन टोपणात घातलं.

"चूक," सूनबाई म्हणाली.

"गुणाकार तपास."

"गुणाकार बरोबर आहे. उत्तर चूक आहे."

"मग बरोबर काय आहे?"

"ते मी नाही सांगणार. ढकलून बघा."

ही तिची जुनी खोड. शाळेतही ती उत्तर सांगायची नाही म्हणून पालक तक्रार करायचे. मुकादमांना राग आला. परीक्षा तीन आठवड्यांवर आलेली, पायाखाली आग आणि ही म्हणते ढकलून बघा. एकतीस वर्षं मी दुसरं काय केलं, असं ते बायकोला म्हणाले, सूनबाईला ऐकू जाईल अशा आवाजात.

पण प्रश्न डोक्यातून जाईना. ते घरातल्या वस्तू ढकलू लागले. फ्रिज ढकलला, टेबल ढकललं, धुण्याचं यंत्र ढकललं, आणि सगळं आपापल्या जागेवरून हाललं, कारण मुकादमांचे हात. बायको मागून एकेक वस्तू जागेवर आणता आणता मेटाकुटीला आली. "घर बदलायचंय का?" तिने विचारलं.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की आपण ढकलतोच चुकीचं. आजवर त्यांनी जे ढकललं ते हलवण्यासाठी. हलू नये इतकंच ढकलणं त्यांच्या हातांना ठाऊकच नव्हतं. आतल्या खोलीतल्या लोखंडी कपाटासमोर ते उभे राहिले आणि त्यांनी तळवा टेकवला. अगदी थोडा जोर दिला. कपाट ढिम्म. आणखी थोडा दिला. ढिम्मच. पण तळव्याला कळत होतं की समोरूनही काहीतरी वाढतंय. त्यांनी जोर कमी केला, तेही कमी झालं. हात काढून घेतला, काहीच उरलं नाही.

मुकादम कपाटाकडे बघत राहिले. समजा, जमीन या कपाटाला कायम दोनशेनेच अडवत असती. मी लावले शंभर, तिने लावले दोनशे. मग वरचे शंभर गेले कुठे? कपाट माझ्याच अंगावर यायला पाहिजे. आणि मी हात काढून घेऊन पळत सुटलो, तर दोनशेच्या जोराने ते माझ्या मागे बैठकीच्या खोलीपर्यंत चालत यायला पाहिजे.

त्यांना ते कपाट दारातून बाहेर येताना दिसलं आणि ते एकटेच मोठमोठ्याने हसू लागले. बायको धावत आली. तिच्या मागून सूनबाई.

"सूनबाई," मुकादम म्हणाले, आणि शिकवणीच्या टेबलाबाहेर पहिल्यांदाच, मधल्या बायकोला वळसा घालून, थेट तिच्याशी बोलले, "शंभर. उत्तर शंभर आहे. जशास तसं. मी जेवढं ढकलीन, तेवढंच ते अडवणार. दोनशे ही त्याची शेवटची मर्यादा आहे. रोजचा खर्च नाही तो."

"आणि दोनशेच्या वर ढकललंत तर?"

"मग सुटणार. आणि एकदा सुटलं की तेवढं अडवत पण नाही. ते तर आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. सुटलेलं यंत्र थांबू द्यायचं नाही." मग त्यांना आणखी एक सुचलं. "अगं, घर्षण म्हणजे घासाघीस आहे ही. बाजारात तू जेवढं ताणशील तेवढंच भाजीवाला ताणतो. तू गप्प, तर तोही गप्प. त्याची हद्द आली की सौदा तुटतो, आणि तुटला की तो स्वतःहून थोडा खाली येतो."

"हे मी उद्या वर्गात सांगू का?" तिने विचारलं. "तुमचं नाव घालून सांगते."

मुकादमांना इतका आनंद झाला की तो कुठे ठेवावा कळेना. ते कपाट पुसायला लागले.

परीक्षा शुक्रवारी झाली. सातवा प्रश्न पुन्हा त्याच जातीचा होता: ऐंशी किलोची पेटी, गुणांक शून्य पूर्णांक पाच, दोन माणसं मिळून तीनशे न्यूटनने ढकलतात, पेटी हलत नाही. मुकादमांनी ऐंशीचे आठशे केले, निम्मे करून मर्यादा चारशे काढली, तीनशे तिच्या आत आहेत हे पाहिलं आणि उत्तर लिहिलं, तीनशे. बाकीच्यांत दोन ठिकाणी ते नक्की अडखळले होते, दोन ठिकाणी शंका होती. पण सातवं त्यांनी लिहिलं ते डोळे मिटून.

बुधवारी दुपारी फलकावर यादी लागली. मुकादम, पाच. पैलवान, सहा. खाली एक ओळ होती, की सोमवारपासून टोळीचं मुकादमपण पैलवान यांच्याकडे राहील.

उत्तरपत्रिका परत मिळाली. सातव्यावर लाल फुली होती आणि शेजारी सुरक्षा अधिकारी साहेबांच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं, चारशे.

मुकादम घरी आले आणि त्यांनी कागद टेबलावर ठेवला. सूनबाईने तो वाचला, पुन्हा वाचला. तिचे कान लाल झाले.

"बाबा, तुमचं बरोबर आहे. त्यांचं चुकलंय. मी चिठ्ठी लिहून देते, शाळेच्या शिक्क्यासकट."

"नको," मुकादम म्हणाले. "चिठ्ठी दिलीस तर तू पास झालीस. मी कुठे झालो?"

"मग तुम्ही जाऊन सांगा."

"सांगायला काय, सांगीन. पण पैलवानाने चारशे लिहिलं असणार. माझी फुली गेली की त्याच्यावर बसणार. त्याचे पाच, माझे सहा." त्यांनी कागदाची घडी घातली. "त्याची ही पहिलीच खेप. त्याला अजून एक संधी आहे, मला नाही. पण मुकादमपण त्याच्या हातात आलंय ना. ते काढून घ्यायचं म्हणजे."

यावर सूनबाईकडेही सूत्र नव्हतं. तिने तसं सांगितलंही. "पण पैलवानांना न सांगता जाऊ नका," एवढंच ती म्हणाली.

सकाळी यार्डाच्या कोपऱ्यातल्या चहाच्या बाकावर मुकादमांनी पैलवानाला गाठलं.

"सातव्याचं तू काय लिहिलंस?"

"चारशे. गुणिले केलं आणि मोकळा झालो."

"मी तीनशे लिहिलं. माझं बरोबर आहे."

पैलवानाने पेला खाली ठेवला. तो हळू होता, पण मठ्ठ नव्हता. "म्हणजे तुझे सहा आणि माझे पाच."

"हो. मी साहेबांकडे चाललोय. आधी तुला सांगावं म्हणून आलो."

"बायकोला काल सांगितलं मी," पैलवान म्हणाला. "तिने तिच्या आईला सांगितलं. आईने कुणाकुणाला सांगितलं देव जाणे." त्याने उरलेला चहा मातीत ओतला. "जा तू. मी काही येत नाही."

मुकादम एकटेच जिना चढले. मित्राच्या ताटातला घास उचलायला आपण चाललोय, असं त्यांना वाटत होतं, आणि उत्तर तीनशेच आहे हेही तेवढंच वाटत होतं. साहेबांनी कागद पाहिला आणि समजुतीच्या स्वरात म्हणाले, "मुकादम, सूत्र सरळ आहे. गुणांक गुणिले भार. चारशे येतात."

"येतात साहेब. पण ती झाली शेवटची मर्यादा. जरा बाण काढून बघता का? माणसं इकडून तीनशे, घर्षण तिकडून चारशे."

साहेबांनी कोऱ्या कागदावर चौकोन काढला. उजवीकडे जाणारा बाण, तीनशे. डावीकडे जाणारा बाण, चारशे.

"आता वर काय उरलं?"

"शंभर. डावीकडे."

"पेटी ऐंशी किलोची. मग ती काय करेल?"

साहेब हुशार होते. शंभर भागिले ऐंशी, असं त्यांनी सवयीने लिहून टाकलं, त्वरण सव्वा आलं, आणि पेन तिथेच थांबलं.

"म्हणजे पेटी माणसांच्या दिशेने निघाली," मुकादम हळूच म्हणाले. "एकतीस वर्षांत साहेब, मी पेटीला हात लावला आणि पेटीच माझ्यावर चालून आली, असं एकदाही झालेलं नाही."

साहेब उठले. कोपऱ्यात फायलींचं उंच कपाट होतं. त्यांनी हेल्मेट काढून ठेवलं आणि दोन्ही हातांनी कपाट थोडं ढकललं, सोडलं, पुन्हा ढकललं. त्यांच्या तोंडावर जे उमटलं ते मुकादमांनी ओळखलं. आतल्या खोलीत त्यांचंही तोंड असंच झालं असणार. क्षणभर दोघं साहेब आणि मुकादम राहिलेच नाहीत, एका कपाटासमोर उभी असलेली दोन कुतूहलाने भरलेली माणसं झाली.

"तसं ते वाढतं आपल्याबरोबर," साहेब पुटपुटले. "कॉलेजात शिकलो होतो हे मी. उत्तरं काढताना घाईत..." मग त्यांची नजर टेबलावरच्या सहीशिक्क्याच्या यादीवर गेली आणि ते पुन्हा साहेब झाले. "पण मुकादम, यादी लागली आहे. तुमचा एक गुण वाढवायचा तर पैलवानांचा एक कमी करावा लागतो. ज्याचं पद जाईल तो तक्रार करेल, आणि वरचे लोक मलाच विचारतील. मी मुख्य कचेरीला लिहितो. उत्तर यायला दोन-तीन महिने लागतील. तोवर सोमवारपासून..."

"फाटक," मुकादम म्हणाले.

साहेबांनी मान खाली घातली. बरोबर उत्तर मुकादमांच्या हातात होतं आणि त्याने काहीही हलत नव्हतं.

दारात कुणीतरी खाकरलं. पैलवान उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे. त्याने चपला बाहेर काढल्या होत्या, साहेबांच्या खोलीत येताना तो नेहमीच काढायचा.

"तक्रार मी करायची ना साहेब?" त्याने विचारलं. "मग माझी तक्रार नाही."

"तुम्हाला कळतंय ना? तुमचे पाच होतील. मुकादमपण जाईल."

"कळतंय. मी सूत्र पाठ केलं होतं, दुसरं काही केलं नव्हतं. आता बाहेर त्या लेथच्या पेटीला हात लावून बघून आलो. वीस वर्षांत पहिल्यांदाच नुसता हात लावून बघितला." तो मुकादमांकडे न बघता बोलत होता. "चारशे चूक आहे. माझ्यावर फुली मारा."

साहेबांनी लाल पेन उचललं. आधी मुकादमांच्या कागदावरची फुली खोडली, सही केली. मग पैलवानाच्या कागदावर फुली मारली, सही केली. शेवटी उत्तरांच्या मूळ कागदावर स्वतःचं चारशे खोडून तीनशे लिहिलं आणि तिथेही सही केली. ती सही करायला त्यांना सगळ्यात जास्त वेळ लागला.

जिना उतरताना मधल्या वळणावर मुकादम थांबले.

"असं का केलंस?" त्यांनी विचारलं. "मी काही म्हटलं नव्हतं तुला."

पैलवान एक पायरी खाली उभा होता. तिथून त्याला मुकादमांकडे मान वर करून बघावं लागत होतं.

"मी मुकादम झालो असतो, तर यंत्र अडलं की कुणाला विचारलं असतं?" तो म्हणाला. "तुलाच. आणि तू कुठे? फाटकावर. दिवसातून दहा वेळा फाटकापर्यंत चालत कोण येणार होतं? माझे पाय दुखतात."